पुढचं पाठ, मागचं सपाट: स्पेलिंगचं काय करावं?

प्रश्न : माझी मुलगी सात वर्षांची आहे आणि इथे सांता क्लारामध्ये दुसरीत शिकते. दर सोमवारी शाळेतून दहा शब्दांची यादी येते, शुक्रवारी त्यांची चाचणी असते. मी तिच्याकडून प्रत्येक शब्द दहा-दहा वेळा लिहून घेते. शुक्रवारी नऊ-दहा शब्द बरोबर येतात, पण पुढच्या आठवड्यात चार ओळी स्वतःच्या मनाने लिहिताना तेच शब्द पुन्हा चुकतात. वाचताना ती पहिलं अक्षर बघते आणि उरलेला शब्द अंदाजाने ठोकून देते. शनिवारी ती मराठी शाळेत जाते, तिथे आता बाराखडी सुरू झाली आहे. घरी आम्ही मराठीच बोलतो. माझे तीन प्रश्न आहेत. घरी सराव नेमका कसा घ्यावा? आमच्या मराठी वळणाच्या उच्चारांमुळे तिचं इंग्रजी स्पेलिंग बिघडतंय का? आणि दोन लिप्या एकदम शिकवल्याने तिचा गोंधळ होतोय का? सासूबाई म्हणतात मराठी सोडू नका, मैत्रिणी म्हणतात आधी इंग्रजी पक्कं होऊ द्या.
– एक आई, सांता क्लारा

उत्तर : तुम्ही घेताय ती मेहनत खरी आहे, फक्त ती चुकीच्या जागी खर्च होते आहे. एखादा शब्द दहा वेळा उतरवून काढताना पहिल्या वेळेला मूल शब्दाकडे बघतं. उरलेल्या नऊ वेळा हात चालतो आणि डोळे वरच्या ओळीवर असतात. डोक्यातून शब्द बाहेर काढायची वेळ तिच्यावर एकदाही येत नाही. ती वेळ थेट शुक्रवारी येते आणि तोवर शब्द ताजा असतो म्हणून निभावतं. पुढचं पाठ, मागचं सपाट होतं ते यामुळे. यात मुलीच्या स्मरणशक्तीचा दोष नाही.

शब्द लिहिणं हे कानाचं काम आधी आहे, हाताचं नंतर आणि डोळ्यांचं शेवटी. शब्दातले आवाज सुटे ऐकायचे, प्रत्येक आवाजाला अक्षर शोधायचं, मग लिहिलेलं नजरेखालून घालायचं. घरचा सराव या क्रमाने घेतला तर इंग्रजीलाही चालतो आणि मराठीलाही.

यादीतला एकच शब्द घेऊ : 'नाईट', म्हणजे रात्र. कागदावर तीन चौकोन काढा. तीनच का, तर हा शब्द हळू म्हटला की तीन आवाज ऐकू येतात : न, आय, ट. मुलीला प्रत्येक आवाजाला एकेका चौकोनावर बोट ठेवायला सांगा. आता अक्षरं. पहिल्या चौकोनात एन. शेवटच्या चौकोनात टी. मधल्या चौकोनात तीन अक्षरं दाटीने बसतात : आय, जी, एच. पाच अक्षरांचा हा शब्द पाठ करणं तिला जड जात होतं, पण आता लक्षात ठेवायची गोष्ट एकच उरली. ती एक गोष्ट आली की लाईट, राईट, साईट, फाईट हे सगळे शब्द हाती लागतात. 'पण मग जी आणि एच आहेत कशाला?' असं तिने विचारलं तर खरं उत्तर द्या. शेकडो वर्षांपूर्वी इंग्रज माणसं इथे घशातून 'ख'सारखा आवाज काढत. आवाज लोपला, अक्षरं राहिली. सात वर्षांच्या मुलाला अशी गोष्ट सांगितली की शब्द पक्का बसतो, कारण त्याला कारण मिळालेलं असतं.

चौकोनांची ही पद्धत डॅनिल एल्कोनिन या सोव्हिएत मानसशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते. तिला पेन्सिल, कागद आणि पाच-सहा राजम्यांचे दाणे एवढंच सामान लागतं. लिहिण्याआधी प्रत्येक आवाजाला एक दाणा चौकोनात सरकवायचा.

इंग्रजीला हे जास्त करावं लागतं, कारण तिथे अक्षरं 26 आणि आवाज सुमारे 44 आहेत. साहजिकच एका आवाजाची अनेक स्पेलिंगं होतात. तरी इंग्रजीला काही नियमच नाही, असं मुलीसमोर म्हणू नका. एच-ओ-पी म्हणजे 'हॉप', शेवटी ई लावला की 'होप'. के-आय-टी 'किट', ई लावला की 'काईट'. हा शेवटचा ई स्वतः गप्प बसतो आणि आधीच्या स्वराचा उच्चार बदलतो. अशा पंधरा-वीस सवयी कळल्या की दुसरी-तिसरीच्या यादीतले बहुतेक शब्द त्यांत बसतात. जे बसत नाहीत त्यांतही बहुधा एकच जागा अवघड असते. 'सेड' (एस-ए-आय-डी) मध्ये पहिलं आणि शेवटचं अक्षर सरळ आहे, मधलं तेवढं आडमुठं आहे. त्या जागेखाली रंगीत रेघ मारायची, अख्ख्या शब्दाखाली नाही.

आठवड्याची आखणी अशी ठेवा. सोमवारी काहीही लिहून घेण्याआधी यादीतले शब्द तिला तोंडी घाला आणि तिच्या मनाने लिहू द्या. सहा-सात तिला येतच असतील, ते बाजूला काढा. आठवड्याचं काम तीन-चार शब्दांचंच उरेल. मंगळवारी त्या शब्दांचे चौकोन करा. बुधवारी शब्द बघायचा, झाकायचा, आठवून लिहायचा आणि उघडून स्वतः तपासायचा. तपासणी तिनेच करायची. चूक तिच्या डोळ्यांना सापडली तर ती सहसा पुन्हा होत नाही, तुम्ही लाल पेनाने दाखवली तर वही बंद होताच विसरली जाते. गुरुवारी तेच शब्द घालून दोन-तीन वाक्यं लिहायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं : पुढच्या सोमवारी मागच्या यादीतले तीन शब्द आणि महिन्यापूर्वीचे दोन शब्द पुन्हा विचारायचे. विसरायला लागल्यावर आठवून काढलेला शब्द सर्वांत जास्त टिकतो. रोजचा वेळ दहा-बारा मिनिटं, त्यापेक्षा जास्त नको. मूल कंटाळलं की पुढची वीस मिनिटं तुम्ही दोघी भांडणात घालवता आणि ते भांडण पुस्तकाशी जोडलं जातं.

आता वाचनाबद्दल. पहिलं अक्षर बघून शब्द ठोकून देणं ही सवय मोडायला हवी. अमेरिकेत कित्येक वर्षं मुलांना चित्र बघून, वाक्याचा अंदाज घेऊन शब्द ओळखायला शिकवत होते. 2000 साली नॅशनल रीडिंग पॅनेल या समितीने झालेल्या संशोधनाचा आढावा घेतला आणि पाच गोष्टींवर भर दिला : शब्दातले आवाज सुटे ओळखणं, आवाज आणि अक्षराची सांगड, ओघ, शब्दसंग्रह आणि आकलन. यातल्या पहिल्या दोन कच्च्या राहिल्या की मूल अंदाजावर जगतं. दुसरीपर्यंत ते खपून जातं. तिसरी-चौथीत पुस्तकातली चित्रं कमी होतात, शब्द लांब होतात आणि अंदाज उघडे पडतात.

म्हणून ती अंदाज मारू लागली की शब्द सांगून टाकू नका आणि 'नीट बघ' असंही म्हणू नका. शब्दाचा उरलेला भाग बोटाने झाका, पहिला तुकडा वाचू द्या, मग बोट पुढे सरकवा. शेवटी सगळे तुकडे जोडून पूर्ण शब्द म्हणू द्या. ती थांबली तर मनात पाचपर्यंत मोजा. तेवढ्या वेळात बरीच मुलं आपलं आपण सोडवतात. आपण घाईने मदत करतो तिथे त्यांची संधी जाते.

पुस्तक सोपं हवं. एका पानावर पाचाहून जास्त शब्द अडत असतील तर ते पुस्तक तुम्ही तिला वाचून दाखवायचं, तिच्या हाती द्यायचं नाही. सोपं पुस्तक म्हणजे कमी प्रतीचं पुस्तक, असं मानायचं कारण नाही. डॉ. स्यूस यांनी 'द कॅट इन द हॅट' 1957 मध्ये केवळ 236 वेगवेगळ्या शब्दांत लिहिलं, तर 1960 चं 'ग्रीन एग्ज अँड हॅम' अवघ्या 50 शब्दांत. अर्नोल्ड लोबेल यांची बेडूकमित्रांची पुस्तकं, मो विलेम्स यांची हत्ती आणि डुकरीची पुस्तकं याच वयासाठी आहेत. विलेम्स यांच्या पुस्तकांत सगळे संवादच असल्याने एक पात्र तुम्ही आणि एक तिने घेऊन वाचता येतं. होमस्टेड रोडवरच्या सेंट्रल पार्क लायब्ररीतून एकदम दहा-बारा पुस्तकं घरी आणा आणि निवड तिच्यावर सोडा. तेच पुस्तक ती चौथ्यांदा वाचत असेल तर वाचू द्या, ओघ असाच येतो. रोज रात्री तुम्ही वाचून दाखवणंही चालू ठेवा, मग ते मराठीत असो की इंग्रजीत. त्या वेळेत एकाही शब्दाचं स्पेलिंग विचारायचं नाही. सराव वेगळा आणि गोष्ट वेगळी.

तुमचा दुसरा प्रश्न उच्चारांचा. सांता क्लारा, सनीव्हेल, क्युपर्टिनो भागातल्या किती तरी आयांच्या मनात ही बोच असते, म्हणून जरा सविस्तर सांगते. तुमचे उच्चार तिचं स्पेलिंग बिघडवत नाहीत. बऱ्याच शब्दांत तर ते तिला मदतच करतात. अमेरिकन बोलण्यात 'ट्रक'ची सुरुवात जवळजवळ 'च्र' अशी ऐकू येते. चार्ल्स रीड या भाषाअभ्यासकाने 1971 मध्ये शाळेत जाण्याआधीच्या अमेरिकन मुलांची मनाने केलेली स्पेलिंगं अभ्यासली. त्यात मुलं 'ट्रक' सी-एच-आरने सुरू करत होती, कारण त्यांचे कान तसंच सांगत होते. 'वॉटर', 'बटर' यांतला मधला टी तिथे 'ड'च्या अंगाने जातो. तुम्ही मात्र 'ट्रक' आणि 'बटर' खणखणीत ट लावून म्हणता, त्यामुळे तिला अक्षर सरळ ऐकू येतं. 'वेन्सडे' लिहिताना आपण शाळेत 'वेड-नेस-डे' असं घोकायचो. तीही सुरेख युक्ती आहे, आजही वापरावी. तिला एवढंच सांगायचं की हा लिहायचा उच्चार, बोलायचा वेगळा.

काही जागी मात्र सावध राहा. आपला एकच 'व' इंग्रजीतल्या व्ही आणि डब्ल्यू दोन्हींना पुरतो, त्यामुळे 'वेस्ट' आणि 'व्हेस्ट' तुमच्या तोंडून सारखे ऐकू येऊ शकतात. 'शिप' आणि 'शीप' यांतला फरकही मराठी बोलण्यात पुसट होतो. उपाय सोपा आहे. शब्द घालताना तो वाक्यात वापरा, मग तिला स्वतःला तो शब्द म्हणायला सांगा आणि त्यानंतर लिहू द्या. ती तिच्या शिक्षिकेसारखा म्हणेल. तुम्ही फक्त ऐका.

वाक्यात वापरलेला शब्द ऐकण्याचा हक्क तर स्पेलिंग बीच्या स्पर्धकालाही असतो. अमेरिकेतली ही राष्ट्रीय स्पर्धा 1925 पासून भरते. 1985 मध्ये बालू नटराजन जिंकले, ते भारतीय वंशाचे पहिले विजेते. 2019 मध्ये तर आठ मुलं एकत्र विजेती ठरली आणि त्यांतला एक मुलगा तुमच्या शेजारच्या सॅन होजेचा होता. ही मुलं टीव्हीवर बघून आपल्या घरांत पाठांतराचा धाक वाढतो. पण ती मुलं मंचावर काय विचारतात ते ऐका : अर्थ काय, शब्द कोणत्या भाषेतून आला, वाक्यात कसा येतो. शब्द ग्रीक आहे असं कळलं की 'फ' या आवाजाला पी-एच असणार, हे ती ताडतात. पाठांतर त्यांनाही करावं लागतं, पण त्याच्या पोटात कारणं असतात. तुमच्या मुलीला स्पर्धेला उतरवायचं की नाही, ते तिच्या आवडीवर सोडा. कारण विचारायची सवय मात्र आजपासून लावा.

तिसरा प्रश्न दोन लिप्यांचा, आणि इथे मी तुमच्या सासूबाईंच्या बाजूने आहे. मराठी सोडू नका. आवाज सुटे ऐकण्याची जी शक्ती इंग्रजीत लागते, तीच मराठीत लागते आणि मराठीत ती लवकर फळाला येते. 'का' कुठेही असला तरी 'का'च वाचायचा. अक्षर आणि आवाज यांचं नातं सहसा भरवशाचं असतं, हा धीर मुलाला देवनागरीतून मिळतो. कॅलिफोर्नियाने तर 2012 पासून बारावी पूर्ण करताना इंग्रजीसोबत आणखी एका भाषेत प्रावीण्य दाखवणाऱ्या मुलांच्या पदविकेवर द्विभाषिकतेची राज्यमोहर देण्याची सोय केली आहे. असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं राज्य.

मराठी वाचायला शिकवण्याबाबत मॅक्सीन बर्नसन यांचं नाव आदराने घ्यायला हवं. त्या जन्माने अमेरिकन. भाषाशास्त्राचा अभ्यास करताना त्या फलटणला आल्या, मराठीत रुजल्या, भारताच्या नागरिक झाल्या. शाळेबाहेर राहिलेल्या मुलांना शिकवता शिकवता त्यांनी फलटणमध्ये प्रगत शिक्षण संस्था आणि कमला निंबकर बालभवन ही शाळा उभी केली. त्यांच्या कामाचा धडा असा : आधी अख्खी मुळाक्षरं, मग अख्खी बाराखडी आणि मग कधीतरी शब्द, ही वाट लहान मुलांना फार लांबची पडते. मोजकी अक्षरं आणि एक-दोन स्वरचिन्हं घेऊन लगेच अर्थाचे शब्द वाचू देणं अधिक फलदायी ठरतं. क, म, ल, र, न आणि काना एवढ्यावर काका, मामा, नाक, कान, कमल, काम, लाल असे किती तरी शब्द होतात. पहिल्याच आठवड्यात मुलीला 'मामा' वाचता आला की ती पुढची अक्षरं स्वतः मागते.

तिचे अडथळे कुठे येतील ते आधीच सांगते. पहिली वेलांटी लिहिताना अक्षराच्या आधी येते, बोलताना नंतर. त्यामुळे 'पिशवी' लिहिताना मुलं वेलांटी भलत्याच अक्षराला देतात. तिला आधी प काढू द्या, मग मागे येऊन वेलांटी काढू द्या. ओघ आल्यावर क्रम आपोआप बदलतो. म-भ आणि घ-ध या जोड्या एकाच दिवशी शिकवू नका. शेंडीफोड्या श आणि पोटफोड्या ष यांच्यातला निवाडा तर बराच पुढे ढकला. 'चंद्र' आणि 'चांदणं' किंवा 'जीभ' आणि 'जागा' यांतले उच्चार वेगळे असूनही अक्षर एकच असतं. भारतातल्या मुलाच्या कानावर हे शब्द दिवसभर पडतात, तुमच्या मुलीच्या कानावर फक्त तुमच्या तोंडून पडतात. म्हणून ते मुद्दाम बोलण्यात आणा. ल आणि श यांची मराठी वळणं महाराष्ट्र शासनाने 2009 च्या निर्णयात नक्की केली आहेत, पण फोनवर आणि संगणकावर पुष्कळदा हिंदी वळणाचे ल-श दिसतात. दोन्ही वळणं शेजारी शेजारी काढून दाखवा आणि ही एकच अक्षरं आहेत हे सांगून मोकळ्या व्हा.

ऱ्हस्व-दीर्घाची घाई नको. 'फूल' आणि 'फुलं', 'वीट' आणि 'विटा' यांतला फरक मोठ्यांचाही चुकतो. या वर्षी तिने 'तूप' हा शब्द 'तुप' लिहिला आणि तुम्हाला वाचता आला, तर ती जिंकली. एल कॅमिनो रिअलवर किराणा आणायला निघण्याआधी यादी तिला मराठीत लिहायला सांगा : पोहे, रवा, मीठ, गूळ. दुकानात ती वाचेल, तुम्ही सामान काढाल. लिहिलेलं कोणाच्या तरी उपयोगी पडतं, हे तिला तिथे दिसेल.

पुस्तकांची वाण नाही. माधुरी पुरंदरे यांची 'राधाचं घर' ही छोटी पुस्तकं घरातल्याच माणसांबद्दल आहेत, पहिल्या वाचनाला फार चांगली. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या असून त्या फुकट वाचता येतात. बालभारतीची पाठ्यपुस्तकंही डिजिटल रूपात मोफत मिळतात. 1971 पासून निघणाऱ्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक पुढे दोन-तीन वर्षांनी कामाला येतील. मराठी शाळेच्या शिक्षिकांना पुढच्या आठवड्यात कोणती अक्षरं येणार ते विचारत जा. त्या स्वयंसेवक असतात, आठवड्यातून एकदाच भेटतात. बाकीचे सहा दिवस घराचे आहेत.

सासूबाई भारतात असतील तर त्यांनाही काम द्या. उन्हाळ्यात तुमच्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजतात तेव्हा भारतात सकाळचे आठ झालेले असतात. दहा मिनिटं व्हिडिओ कॉलवर नातीने आजीला वाचून दाखवावं, एक दिवस मराठी पान, एक दिवस इंग्रजी. आजीला एकच अट : नात अडली तर लगेच शब्द सांगायचा नाही.

शेवटी एक गोष्ट ध्यानात ठेवा. सात वर्षांच्या मुलाचं बी आणि डी उलटसुलट होणं सर्रास दिसतं, त्याने घाबरू नका. पण दोन-तीन महिने नियमित सराव करूनही तिला छोट्या शब्दांतले आवाज सुटे करता येत नसतील, काल वाचलेला शब्द आज पूर्ण अनोळखी वाटत असेल, यमक जुळवता येत नसेल आणि अशीच अडचण मराठीतही येत असेल, तर वाट बघत बसू नका. 'दोन भाषांमुळे होतंय, होईल नीट' असं कोणी म्हटलं तरी थांबू नका. कॅलिफोर्नियात 2025-26 पासून बालवर्ग ते दुसरीच्या मुलांची वाचनातल्या अडचणींसाठी दरवर्षी चाचपणी करणं शाळांना बंधनकारक झालं आहे. त्या चाचपणीचा निकाल मागून घ्या. शंका राहिली तर सविस्तर तपासणीची मागणी लेखी करा. लेखी मागणीनंतर शाळेने साधारण 15 दिवसांत तपासणीचा आराखडा तुमच्यापुढे ठेवायचा असतो. डिस्लेक्सिया असलेली मुलंही उत्तम वाचू लागतात, मात्र त्यांना पद्धतशीर शिकवणं लवकर मिळावं लागतं.

या सोमवारी यादी आली की वही उघडण्याआधी शब्द तोंडी घाला. जे तिला येतात ते खोडून टाका आणि उरलेल्या तीन-चार शब्दांचे चौकोन काढायला बसा. आज तिने मनाने लिहिलेल्या चार ओळी तारीख घालून जपून ठेवा आणि तीन महिन्यांनी लिहिलेल्या चार ओळींशेजारी ठेवून बघा. प्रगती मोजायला शुक्रवारच्या गुणांपेक्षा हे दोन कागद जास्त खरे आहेत.